शिवाराचा गंध, एकट्याची बाटली

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या शेतात एखादे हिरवे, टणक बोंड तोडून अंगठ्याने दाबून फोडून पाहावे. बाहेरून ते निर्दोष दिसते. आत मात्र एका कप्प्यातली ओली रुई पिवळट पडलेली असते, सरकीला भोक असते आणि त्या भोकात जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची गुलाबी अळी निवांत बसलेली असते. अंड्यातून बाहेर पडल्यावर ती थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि शिरताना पाडलेले बारीक छिद्र बोंड वाढता वाढता भरून येते. त्यानंतर बाहेरून कितीही महागडे औषध मारले, तरी ते बोंडाच्या सालीवर वाळून जाते. आपल्याकडे पीकसंरक्षण म्हणजे अजूनही प्रामुख्याने हे सालीवर वाळणारे औषधच आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

आक्षेप रसायनाला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. कापूस, त्यावरची अळी आणि मातीतले सूक्ष्मजीव यांचा सारा व्यवहार रसायनांतूनच चालतो. त्यातून रसायन वजा केले तर काहीच उरणार नाही. प्रश्न असा आहे, की या व्यवहारातील कोणत्या रसायनावर आपण सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक नियम खर्च करतो. मारणाऱ्या रसायनावर आपण भरपूर खर्च केला आहे. बोलावणाऱ्या, चुकवणाऱ्या आणि सावध करणाऱ्या रसायनांवरचा खर्च तुलनेने नगण्य आहे, आणि जो होतो तोही चुकीच्या मापाने होतो.

गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद १८४३ साली झाली, तीही भारतात कापसाचे नुकसान करताना सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही कीड आपल्याला नवी नाही. तिची मादी पतंग रात्रीच्या उत्तरार्धात पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंध सोडते. ‘गॉसिप्लुअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गंधाची रासायनिक ओळख १९७३ मध्ये पटली. तो दोन संयुगांचे जवळजवळ निम्मेनिम्मे मिश्रण आहे. दोन्ही संयुगांत अणू तेच आणि तेवढेच. फरक आहे तो केवळ एका दुहेरी बंधाच्या बाजूला त्यांची मांडणी कशी वळली आहे एवढाच. या सूक्ष्म फरकाचे प्रमाण नराच्या मिशांना कळते, आणि त्या प्रमाणावरून अंधारात, वाऱ्यात, हजारो झाडांच्या गर्दीत त्याला आपल्याच जातीची मादी सापडते. कीटकांच्या अशा लैंगिक गंधाची पहिली रासायनिक ओळख १९५९ मध्ये जर्मनीत रेशमाच्या पतंगावर झाली आणि त्यासाठी अॅडॉल्फ ब्युटेनांट यांच्या प्रयोगशाळेला सुमारे पाच लाख माद्या खर्ची घालाव्या लागल्या. पाच लाख पतंगांतून हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम. जो संदेश इतक्या थोड्या पदार्थात पोहोचतो, त्याच्यात ढवळाढवळ करण्यासाठीही फार पदार्थ लागत नाही. हा गंध शेतभर अनेक बिंदूंवरून एकाच वेळी सोडला, तर नराला खरी मादी शोधणे कठीण होते, मिलन टळते आणि अंडी फलित होत नाहीत. अमेरिकेत या कामासाठी गॉसिप्लुअरला १९७८ मध्येच अधिकृत नोंदणी मिळाली होती. बोंडात अळी शिरल्यावर जे विष तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याची गरजच पडू नये अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवहारात झाडही मुके नसते. कपाशीच्या पानांवर, देठांवर आणि बोंडांवर जे काळपट ठिपके दिसतात त्या गॉसिपॉलच्या ग्रंथी असतात, आणि गॉसिपॉल हे कपाशीचे स्वतःचे कीडविरोधी द्रव्य आहे. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेवर, मध पाझरणारी एक छोटी खाच असते. फुलाशी तिचा संबंध नसतो, ती मुंग्या आणि गांधीलमाश्यांसाठी असते. अळी पान कुरतडू लागली, की कपाशी हवेत वेगळ्याच वासाची संयुगे सोडते आणि अळीवर अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या त्या वासाच्या दिशेने येतात. तंबाखू, कापूस आणि मका यांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याहून विलक्षण गोष्ट दिसली: दिसायला जवळजवळ सारख्या दोन जातींच्या अळ्यांनी खाल्ल्यावर झाडाने सोडलेला वास वेगवेगळा होता, आणि परोपजीवी माशी त्या वासावरून स्वतःला हवी ती अळी असलेलेच झाड निवडत होती. झाड नुसते ‘वाचवा’ म्हणत नाही. कोण खात आहे, हेही त्या वासात असते.

आता याच कपाशीच्या वाणांकडे पाहू. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अळीने खाल्ल्यावर रानटी झालेल्या एका कपाशीने लागवडीखालील वाणांच्या सुमारे सातपट वास सोडल्याचे आढळले. मक्याच्या मुळांच्या बाबतीतही तेच झाले आहे. मुळे खाणाऱ्या अळीविरुद्ध मातीतील उपयुक्त सूत्रकृमींना (अतिसूक्ष्म जंतांना) बोलावणारे एक संयुग युरोपातील मक्याचे वाण सोडतात. उत्तर अमेरिकेतील बहुतेक वाण मात्र ते सोडेनासे झाले आहेत. हे कोणी मुद्दाम केले नाही. उत्पादन, धाग्याची लांबी, रुईचा उतारा यांसाठी निवड होत गेली. झाडाला हाक मारता येते की नाही, हे कोणी तपासलेच नाही आणि जे तपासले जात नाही ते गळून पडते. यावरून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण हे निष्कर्ष मुख्यतः पाने आणि मुळे खाणाऱ्या किडींवरचे आहेत आणि बोंडात दडणाऱ्या अळीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण नवा वाण मंजूर करताना, अळीने खाल्ल्यावर तो काय सोडतो याची एक साधी चाचणी असावी, एवढे म्हणायला काय हरकत आहे? रोगप्रतिकारासाठी आपण वाण तपासतोच.

या साऱ्या नाटकात सूक्ष्मजीवाची भूमिका आपल्याकडे सर्वांत गाजली, ती बीटी कपाशीमुळे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा जिवाणू विसाव्या शतकाच्या आरंभी आधी जपानमध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत आणि नंतर जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात पिठातील अळीत सापडला. तो एक स्फटिकरूप प्रथिन बनवतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, तिथल्या विकरांनी (एन्झाइमांनी) कापले जाते, आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहक-रेणूंना (रिसेप्टरांना) चिकटते आणि पेशींना भोके पाडते. माणसाच्या पोटात ना ते वातावरण असते ना ते ग्राहक. ज्याचे कुलूप त्याचीच किल्ली, इतके ते नेमके आहे. या प्रथिनाचे जनुक असलेल्या कपाशीला भारतात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांची दुसरी पिढी आली. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन बोंडअळी या दुसऱ्या जातीवरच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या, हे बीटीच्या कडव्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. मात्र मार्च २०१० मध्ये, गुजरातेतील चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे हे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीनेच जाहीर केले. पुढे दुसरेही जनुक निष्प्रभ झाले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा पूर्ण फटका खाल्ला.

इतके नेमके हत्यार इतक्या लवकर बोथट का झाले, याचे उत्तर हत्याराच्या रसायनात कमी आणि आपण केलेल्या मांडणीत जास्त आहे. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे. ते शेताच्या कडेने पेरायचे, त्यावर विषाला सरावलेली नसलेली अळी जगू द्यायची आणि तिच्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होऊन प्रतिकार पातळ व्हावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात ते छोटे पाकीट बांधावर फेकले गेले किंवा गुरांपुढे गेले. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. पण स्वतःच्या तीन एकरांतल्या ओळी त्याने शेजाऱ्यांच्या भविष्यासाठी अळीला खायला घालाव्यात, अशी अपेक्षा करताना त्याचा मोबदला कोण देणार हे कोणी ठरवलेच नव्हते. याउलट चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातील शेतकरी स्वस्त पडते म्हणून संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरू लागले. त्यामुळे सुमारे एक चतुर्थांश झाडे आपोआप बिगरबीटी निघू लागली आणि तिथल्या गुलाबी बोंडअळीत वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तिथे कोणी शहाणपणाने हे आखले नव्हते. जनुकही तेच होते आणि अळीही तीच. फरक पडला तो शिवारातल्या मांडणीमुळे.

आपल्या मांडणीत आणखी एक गोष्ट भर घालते, ती म्हणजे हंगामाची लांबी. भारतात कापूस जवळजवळ सगळा संकरित, लांब मुदतीचा. त्यातही पाण्याची सोय असेल तर डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे तीच झाडे राखून जादा पीक, घेतली जाते. बोंडअळीला एवढेच हवे असते. मार्चपर्यंत बोंडे उभी असली की तिच्या पिढ्यांची साखळी तुटत नाही, आणि तुटलीच तर ती सरकीत सुप्तावस्थेत बसून पुढच्या पावसाची वाट पाहते.

२०१७ चा यवतमाळ विसरता येत नाही. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच वाढली होती, हवेत दमट उकाडा होता, रसशोषक किडी आणि बोंडअळी या दोन्हींच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जात होती, आणि ती मारणारा मजूर तोंडाला रुमाल बांधून त्या ढगात चालत होता. त्या एका जिल्ह्यात विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. चौकश्या झाल्या, काही कीडनाशकांवर तात्पुरती बंदी आली, हातमोजे आणि मुखपट्ट्या वाटल्या गेल्या. परंतु मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: शेतकऱ्याला कोणते औषध, किती आणि कशात मिसळून मारायचे हे सांगणारा माणूस बहुतेक गावांत तेच औषध विकणारा असतो. कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात. दुकान मात्र रोज उघडे असते आणि उधारीही देते.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. विषाची बाटली ही पूर्णपणे खासगी वस्तू आहे. ती एक शेतकरी विकत घेतो, आपल्या बांधाच्या आत मारतो आणि तिचा परिणाम, मग तो खरा असो वा वाटलेला, दुसऱ्या दिवशी आपल्याच शेतात पाहतो. विक्री, उधारी, सल्ला, अनुदान, तक्रार अशी आपली सगळी व्यवस्था या बाटलीच्या मापाने शिवलेली आहे. गंध मात्र बांध ओळखत नाही. मी माझ्या दोन एकरांत मिलन रोखणारी साधने लावली आणि शेजाऱ्याने लावली नाहीत, तर त्याच्या शेतात फलित झालेली मादी उडत येऊन माझ्या कपाशीवर अंडी घालते. परोपजीवी माशीचेही तसेच: मी ट्रायकोकार्ड, म्हणजे तिची पिल्ले आत वाढत असलेल्या पतंगाच्या अंड्यांचे कार्ड, लावले आणि वाऱ्याच्या दिशेला कोणी सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे कीडनाशक मारले, तर माझा खर्च त्याच्या फवाऱ्यात गेला. बिगरबीटी ओळींचे, फरदडीचे, पऱ्हाटीचेही (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्यांचेही) तेच. ज्या ज्या उपायांत अर्थ आहे, ते सारे शिवाराने मिळून केले तरच चालतात. आणि आपली योजना मात्र सातबाऱ्यावर एक नाव पाहून, एका शेतकऱ्याला, एका शेतासाठी साहित्य देते.

याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे. हेक्टरी पाच सापळ्यांची शिफारस मुळात पाळतीसाठी आहे: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग अडकले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचली असे समजून उपाय करायचा. सापळा हे मोजमाप आहे, मारण्याचे साधन नव्हे. पण अनुदानातून मिळालेले सापळे बहुतेक ठिकाणी एकदा टांगले की पुन्हा पाहिले जात नाहीत. आतले ल्युर (गंधाची गोळी) महिनाभरात फिके पडते, ते बदलायला नवे मिळत नाही. एका शेतात असा धुळीने माखलेला सापळा पाहत असताना शेतमालक मला म्हणाले, “पतंग तर पकडले ना भाऊ, मग अळी कुठून आली?” त्यांची चूक नव्हती. सापळ्यात फक्त नर येतात, मादी नाही, एवढे वाक्यही त्यांना साहित्य देताना कोणी सांगितले नव्हते. त्या सापळ्यातले आकडे रोज टिपून गावभरच्या फलकावर लिहिले गेले असते, तर ते साधन कामाचे ठरले असते. एकट्याच्या शेतात टांगलेला तो नुसता पिवळा प्लॅस्टिकचा तुकडा होता.

मिळून केल्यावर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. ही अळी तिथे १९१७ मध्ये टेक्सासात पोहोचली आणि शंभर वर्षांनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तिथल्या कापूस पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले. त्यात बीटी कपाशी होती, गंधाने मिलन रोखणे होते, विमानातून सोडलेले अब्जावधी वंध्य पतंग होते, आणि ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी जमिनीत गाडण्याची कायदेशीर सक्तीही होती. शेतकऱ्यांनी या कार्यक्रमासाठी स्वतःवर वर्गणी लावून घेतली होती. ते प्रारूप उचलून विदर्भात ठेवता येणार नाही हे उघड आहे. तिथली शेते शेकडो हेक्टरांची आणि शेतकरी मोजके, इथे महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस आणि लाखो छोटे मालक. पण यातून निघणारा निष्कर्ष लोक उलटा काढतात. छोटे मालक जास्त असल्यामुळे सामूहिक उपाय अशक्य ठरत नाही. छोटे मालक जास्त असल्यामुळेच एकट्याने केलेला उपाय निरुपयोगी ठरतो.

आक्षेप घेणारे म्हणतील, की गंधाची साधने महाग आहेत. पहिल्या हंगामात ती एका फवारणीपेक्षा महाग पडतात, हे खरेच आहे. मात्र तुलना एका फवारणीशी नव्हे, हंगामभरच्या फवारण्यांशी, त्यांच्या मजुरीशी आणि कवडी (किडक्या, डागाळलेल्या) कापसाला मिळणाऱ्या पडेल भावाशी व्हायला हवी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गॉसिप्लुअर फक्त गुलाबी बोंडअळीला कळतो, तुडतुडे, पांढरी माशी आणि मावा यांना त्याचे काही नाही, त्यामुळे फवारणी पूर्ण थांबणार नाही. हे मला मान्य आहे. नेमकेपणाची हीच किंमत असते, आणि रसशोषक किडींसाठी गरजेनुसार फवारणी ठेवावीच लागेल. तिसरा आक्षेप म्हणजे नव्या जनुकाची आशा. नवे जनुक आले तर जरूर यावे. पण लांब हंगाम, फेकलेले बिगरबीटी पाकीट आणि दुकानदाराचा सल्ला या तीन गोष्टी तशाच ठेवून येणारे चौथे किंवा पाचवे जनुकही त्याच वाटेने जाईल.

कायद्याची दिशाही तपासली पाहिजे. महाराष्ट्राचा कापूस बियाणे कायदा २००९ चा आहे, आणि २०१७ च्या संकटानंतर शेतकऱ्यांनी त्याच्या आधारे बियाणे कंपन्यांविरुद्ध नुकसानभरपाईचे अर्ज मोठ्या संख्येने भरले. अर्ज भरणाऱ्यांचा संताप रास्तच होता, आणि टिकाऊपणाचे अवास्तव चित्र रंगवणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण हा कायदा अळीच्या प्रतिकाराकडे सदोष मालाच्या तक्रारीसारखे पाहतो: एक ग्राहक, एक विक्रेता, एक पाकीट. प्रतिकार मात्र कोणत्याही एका पाकिटात नसतो, तो संपूर्ण तालुक्याच्या हवेत उडत असतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की बोंडअळीवरील अनुदानाचे एकक शेतकरी नसून सलग शिवार असावे. शंभर-दोनशे हेक्टरांच्या सलग कापसाने संमती दिली, तरच गंधाची साधने, ट्रायकोकार्ड आणि ल्युर पूर्ण अनुदानावर मिळावेत. विखुरलेल्या दोन-दोन एकरांना ते वाटू नयेत. सापळ्यातील पतंग मोजण्यासाठी आणि जुलै-ऑगस्टमध्ये डोमकळ्या (आत अळी असलेल्या, नीट न उमललेल्या कळ्या) वेचून नष्ट करण्यासाठी गावातल्याच तरुणांना हंगामी मानधन द्यावे, आणि त्यांचे आकडे औषधविक्रेत्याच्या आधी गावाला कळावेत. मान्सूनपूर्व लागवड टाळण्यासाठी अलीकडच्या हंगामांत १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना बियाणे न विकण्याचा निर्बंध घातला गेला. सुरुवातीची तारीख ठरवता येते, तर शेवटचीही ठरवता आली पाहिजे. मात्र डिसेंबरअखेर कापूस काढा, असे नुसते फर्मान काढून चालणार नाही, कारण ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्यासाठी फरदडीचे दोन-चार क्विंटल म्हणजे मुलाच्या फीचे पैसे असतात. त्याला त्याच जमिनीत हरभऱ्यासाठी बियाणे आणि खरेदीची हमी मिळाली, तरच तो उभी कपाशी उपटेल.

आणि मग उरते ती उपटलेली पऱ्हाटी. जानेवारीत विदर्भातल्या कोणत्याही रस्त्याने गेले तर बांधांवर, गोठ्यांशेजारी आणि घरांच्या मागे तिचे ढीग दिसतात. चुलीला ती लागते, शिवाय शेतातच तिचे तुकडे करणारे यंत्र गावात नसते. असले तरी भाडे परवडत नाही. त्या ढिगांत न फुटलेली, काळी पडलेली बोंडे तशीच चिकटलेली असतात. त्यातले एखादे फोडून पाहिले, तर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत अळी झोपलेली आढळते. ट्रॅक्टर, फवारणी पंप आणि ड्रोन यांना आपण अनुदान देतो. पऱ्हाटीची कुट्टी करणारे एक यंत्र दर दोन-तीन गावांमागे, ग्रामपंचायतीच्या ताब्यात, नाममात्र भाड्याने उभे करायला तितका खर्च येणार नाही. फक्त त्याचा लाभार्थी म्हणून कोणा एकाचे नाव अर्जावर लिहिता येणार नाही.